ब्यूकासल येथील क्रूसस्तंभ व त्याचे वाचक

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांत, स्कॉटलंडच्या सीमेपासून थोड्याच मैलांवर, ब्यूकासल नांवाचें एक ठिकाण आहे. गांव म्हणावें इतकी वस्ती तेथें नाहीं. एक लहानसें चर्च, दोन-चार घरें, एका पडक्या गढीच्या भिंती, आणि सभोंवार मेंढरांचीं कुरणें व माळ, एवढाच काय तो पसारा. ह्या चर्चच्या आवारांत, थडग्यांच्या दगडांमध्यें, सुमारें साडेचौदा फूट उंचीचा अखंड वालुकाश्माचा एक चौकोनी स्तंभ उभा आहे. माथ्यावरचा क्रूस नाहींसा झाला आहे. खालचा दांडा तेवढा जागच्या जागीं राहिला आहे. रोझमरी क्रॅम्प व रिचर्ड बेली यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचींत त्याचा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाचा पूर्वार्ध असा दिला आहे. म्हणजे वातापीस चालुक्य विजयादित्य व त्याचा पुत्र दुसरा विक्रमादित्य राज्य करीत होते, त्या काळांतलें हें काम होय.

ह्या स्तंभावर रून लिपींत लेख आहे. तो चारशें वर्षें वाचला जात आहे. आणि वाचणारांनीं त्यांत जें जें पाहिलें त्यापैकीं फारच थोडें त्यावर निश्चित आहे. शिलालेखांचा व जुन्या कागदांचा नाद असलेल्या आमच्या वाचकांस ह्या वाचनांची हकीकत स्तंभाच्या शिल्पवर्णनापेक्षां अधिक उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे. स्तंभ आम्हीं गेल्या सप्टेंबर महिन्यांत समक्ष पाहिला.

कार्लाइलहून मोटारीनें निघून ब्रॅम्प्टन मागें टाकलें म्हणजे वाट हेड्रियन बादशहाच्या भिंतीपलीकडे उत्तरेस जाते. भिंतीवरील बर्डोस्वल्डच्या ठाण्यापासून सहा-सात मैलांवर रोमन लोकांनीं ब्यूकासलचें हें पुढचें ठाणें बसविलें होतें. रोमन ठाणीं बहुधा आयताकृति असतात. हें मात्र टेकाडाच्या माथ्याला धरून वेडेंवांकडें षट्कोनी आहे. येथील मुख्य कचेरीच्या अवशेषांत १९३७ सालीं कोकिडिअस नामक स्थानिक देवाचे रुप्याचे दोन लहान पत्रे सांपडले. ठाण्याचें लॅटिन नांवच 'कोकिडिअसचें देवस्थान' अशा अर्थाचें होतें, असें मानतात. त्याच तटबंदीच्या आंत पुढें ख्रिस्ती लोकांनीं स्तंभ उभारला, तेथेंच चर्च आलें, आणि मध्ययुगांत एका कोपऱ्यांत गढी उठली. जुन्या देवाच्या आवारांतच नव्या देवाची स्थापना करण्याची ही रीत आपल्या इकडे कोणास नवी वाटणार नाहीं.

स्तंभाची पश्चिमेची बाजू मुख्य होय. तींत एकावर एक तीन मूर्ती आहेत. सर्वांत वर बाप्तिस्मा देणारा योहान, हातावर कोंकरूं घेतलेला; मध्यें ख्रिस्त; आणि अगदीं खालीं, लेखाच्या पट्टीखालीं, बैठकीवर बसलेल्या पक्ष्याजवळ उभा असलेला एक पुरुष. मधला ख्रिस्त दोन श्वापदांवर उभा आहे. तें पाहतांच आमच्या मनांत प्रथम महिषमर्दिनी आली, हें कबूल केलें पाहिजे. देवतेच्या पायांखालीं पशु दिसला कीं तो मर्दिलेला असावयाचा, असें आपले डोळे पिढ्यान् पिढ्या शिकलेले आहेत. परंतु स्कॉटलंडच्या हद्दींत रथवेल येथें ह्याच्याच जोडीचा दुसरा क्रूस आहे. त्यावर हाच प्रसंग कोरलेला असून भोंवतालच्या लॅटिन लेखांत त्याचा अर्थ दिला आहे. अरण्यांतील पशूंनीं व नागांनीं जगाच्या तारकास ओळखलें, असा त्या लेखाचा आशय आहे. म्हणजे तीं श्वापदें चिरडलेलीं नसून शरण आलेलीं आहेत. रथवेलचा लेख नसता तर आमच्यासारखा मनुष्य ब्यूकासलच्या मूर्तीचा अर्थ उलटा करून परत आला असता, आणि कदाचित् त्यावर एखादा लेखहि लिहिता.

पक्ष्याजवळच्या पुरुषाबद्दल मात्र असा साक्षीदार नाहीं. तो गरुडासह असलेला शुभवर्तमानकार योहान, असें एक मत. तो ससाणा बाळगणारा कोणी सरदार, व स्तंभ त्याचेंच स्मारक, असें दुसरें. दोन्ही मतांस आधार आहेत. आम्हांस दुसरें अधिक पटतें, कारण पक्षी पुरुषाच्या अंगावर नसून वेगळ्या बैठकीवर बसलेला आहे, आणि पाळीव शिकारी पक्ष्याची बसण्याची तऱ्हा तशीच असते. पण ह्या पसंतीला पुराव्याची किंमत आम्ही देत नाहीं.

पूर्वेच्या बाजूस तळापासून माथ्यापर्यंत एकच द्राक्षवेल वळणें घेत चढत गेला आहे, व प्रत्येक वळणांत एकेक पशु किंवा पक्षी घड खात बसला आहे. ज्या माळावर आम्ही गार वाऱ्यानें कुडकुडत उभे होतों, तेथें द्राक्ष कधीं पिकलें नसावें. हा वेल भूमध्यसमुद्राच्या कांठाहून आलेला आहे. बेनेडिक्ट बिस्कप ह्या मठाधिपतीनें ६७४ सालीं मंकवेअरमथचा मठ स्थापिला, तेव्हां दगडी काम जाणणारे कारागीर गॉल देशांतून आणविले होते. तेथील व जॅरोच्या मठांतील घडणीचें ब्यूकासलच्या कामाशीं नातें आहे, असें तज्ज्ञ मानतात. दक्षिणेस व उत्तरेस गुंतागुंतीच्या पट्ट्यांचें जाळीकाम, वेलबुट्टी, आणि उत्तरेच्या एका चौकटींत बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें आहेत. ह्या पटाकडे पुढें यावयाचें आहे.

दक्षिणेच्या वेलांत एक अर्धवर्तुळाकार छायायंत्र कोरलें आहे. इंग्लंडांत अवशिष्ट असलेलें हें सर्वांत जुनें, असें सांगतात. पांच मुख्य रेघांनीं दिवसाचे चार भाग केले असून ते पुन्हां विभागून बारा तास साधले आहेत. मधल्या भोंकांतील शलाका केव्हांच गेली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे चार भाग म्हणजे आपले दिवसाचे चार प्रहरच. इंग्लंडांत हे चार भाग मठांतील प्रार्थनांच्या वेळांसाठीं होते. आपल्याकडे चौघडा त्यावर वाजे.

आतां लिपीविषयीं दोन शब्द. रून अक्षरें सरळ व तिरप्या रेघांचीं असतात. पहिल्या सहा अक्षरांवरून इंग्लंडांतील वर्णमालेस 'फुथॉर्क' म्हणतात, आणि प्रत्येक अक्षरास स्वतंत्र अर्थाचें नांव आहे. पहिल्या 'फ' ह्या अक्षराचें नांव 'फेओ' म्हणजे गुरेंढोरें, धन. हा शब्द लॅटिन 'पेकू' व संस्कृत 'पशु' यांचा सगोत्र आहे. गोधन हेंच धन मानणाऱ्या पूर्वजांची ही आठवण परक्या स्मशानांत उभे असतांना मनास उगीचच जवळची वाटली.

वाचनांची परंपरा कॅम्डनपासून धरावी. विल्यम कॅम्डन यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं आपल्या 'ब्रिटानिया' ग्रंथांत ह्या क्रूसाचा उल्लेख केला आहे. अक्षरें वाचतां येत नाहींत, असें त्यानें प्रामाणिकपणें लिहिलें. परंतु उत्तरेच्या बाजूचा तो चौकड्यांचा पट पाहून, त्या प्रांतांतील व्हॉ घराण्याच्या ढालीवर अशाच चौकड्या आहेत, तेव्हां क्रूस त्यांनींच उभारला असावा, असा तर्कहि केला. व्हॉ घराणें नॉर्मन लोकांच्या स्वारीनंतरचें, म्हणजे स्तंभाहून चारएकशें वर्षांनीं अलीकडचें. कॅम्डन हा सामान्य विद्वान् नव्हता. पण त्याच्या मनांत घराण्यांचीं चिन्हें भरलेलीं होतीं, आणि अक्षर लागेना तेव्हां त्यानें नक्षी वाचली.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. नावर्थचा लॉर्ड विल्यम हॉवर्ड याला जुन्या वस्तूंचा मोठा नाद होता. ब्यूकासलच्या क्रूसाचा माथा म्हणून एक दगड त्यानें दक्षिणेस लंडनकडे पाठविला. तो विद्वानांच्या हातांतून फिरला आणि पुढें नाहींसा झाला. त्यावरील रून अक्षरें मात्र कोणीतरी कागदावर उतरून ठेवलीं होतीं, आणि तो कागद सर रॉबर्ट कॉटन याच्या हस्तलिखितसंग्रहांत राहिला. अक्षरें 'रिकॅस द्रिह्त्नॅस' अशीं लागतात. अर्थ, 'सामर्थ्यवान् प्रभूचा'. त्यांतील पहिला शब्द आपल्या 'राजन्' शब्दाच्याच दूरच्या गोत्रांतला आहे. ब्यूकासलचा स्तंभ मुळांत क्रूस होता कीं नुसताच उंच खांब, अशी शंका अलीकडे फ्रेड ऑर्टन यांच्यासारख्या अभ्यासकांनीं उपस्थित केली आहे. तिचा विचार करतांना ह्या चिटोऱ्याला टाळून पुढें जातां येत नाहीं. दगड पाठविणाऱ्यानें तो जपण्याच्या हेतूनेंच पाठविला असेल, पण टिकली ती नक्कल. जुन्या बाडांतून निघालेले असले निनांवी तुकडे निरुपयोगी म्हणून रद्दींत घालणारांस ही हकीकत अवश्य सांगावी.

यानंतरचा मोठा वाचक म्हणजे खुद्द ब्यूकासलचा धर्मोपदेशक जॉन मॉगन. चर्चच्या दारांतून बाहेर पडलें कीं स्तंभ समोर. दररोज, सर्व ऋतूंत, सर्व प्रकाशांत तो पाहण्याचें भाग्य त्याला लाभलें. १८५७ सालीं त्यानें आपलें वाचन प्रसिद्ध केलें. ख्रिस्ताच्या मूर्तीखालील नऊ ओळींच्या लेखांत त्याला संपूर्ण मजकूर लागला: ही विजयखूण तिघां जणांनीं, त्यांच्या नांवांसह, ऑस्विऊचा पुत्र राजा आल्कफ्रिथ याच्या स्मरणार्थ उभारली, त्याच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करा. शिवाय दक्षिणेच्या बाजूच्या अरुंद पट्ट्यांत त्याला कालहि सांपडला: एक्गफ्रिथ राजाच्या राज्याचें पहिलें वर्ष, म्हणजे इ. स. ६७० चा सुमार. ह्याच वेळीं डॅनियल हेग यानेंहि आल्कफ्रिथचें नांव वाचलें.

हें वाचन किती मोहक होतें, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिजे. नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्विऊ याचा पुत्र आल्कफ्रिथ हा बापाच्या हाताखालीं राज्याच्या एका भागावर राजा होता. ६६४ सालच्या व्हिट्बीच्या धर्मसभेंत रोमच्या पक्षाचा तो पुरस्कर्ता. पुढें बापाशीं त्याचें बिनसलें, एवढें बीड ह्या इतिहासकाराच्या ७३१ सालीं पुऱ्या झालेल्या ग्रंथावरून कळतें. त्याचा शेवट कोठें व कसा झाला, हें बीड सांगत नाहीं. इतिहासानें अर्धवट सोडलेल्या ह्या राजपुत्राचें स्मारक सरहद्दीवरच्या एका निर्जन माळावर सांपडलें, तेंहि नांवानिशीं व सालानिशीं! असा लेख कोणाला नको असेल? मॉगनच्या वाचनावर पुढें पन्नास-साठ वर्षें ब्रिटिश शिल्पकलेचा कालक्रम टांगला गेला. हा स्तंभ ६७० चा, म्हणून अशा घडणीचे इतर स्तंभहि त्याच्या आगेमागे. असा हिशेब चालूं लागला.

असाच प्रकार रथवेल येथें घडला होता. तेथें मात्र शेवट निराळा झाला. तो क्रूस मूर्तिपूजेचें चिन्ह म्हणून सतराव्या शतकांत पाडण्यांत आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हेन्री डंकन ह्या धर्मोपदेशकानें तुकडे जमवून तो पुन्हां उभा केला. १८८७ पासून तो चर्चच्या आंत आहे. त्यावरील रून लेखांत थॉर्लीफ रेप ह्या आइसलंडच्या विद्वानानें बाप्तिस्म्याचें पात्र, गाई, जमीन आणि एका दरीचें नांव इतकें वाचलें. ती दरी पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच नाहीं. नंतर १८४० सालीं जॉन केंबल यानें, ही भाषा जुनी इंग्रजी असून क्रूस स्वतः बोलतो आहे अशी ती कविता आहे, असें ठरविलें. तिकडे इटलींत व्हर्चेली येथील चर्चच्या ग्रंथसंग्रहांत दहाव्या शतकांतील एक इंग्रजी पोथी १८२२ सालींच सांपडलेली होती. तींतील कविता छापून आल्यावर केंबलला दिसलें कीं, दगडावरच्या ओळी तींत आहेत. तिचा आधार हातांत नसतां त्यानें केलेलें वाचन पोथीनें खरें ठरविलें. पण त्याच दगडाच्या माथ्यावर जॉर्ज स्टीव्हन्स ह्या पंडितानें कॅडमन ह्या आदिकवीचें नांव वाचलें, तें मात्र पुढील परीक्षेस टिकलें नाहीं. कवीचें नांव मिळावें अशी सर्वांचीच इच्छा होती. तेवढें नांवच काय तें दगडावर नव्हतें.

ब्यूकासलला असली पोथी मिळाली नाहीं. मॉगनच्या सालाला हादरा बसला तो प्रथम दुसऱ्याच टोंकानें. १९१२ सालीं अमेरिकेंतील आल्बर्ट कुक यांनीं दोन्ही क्रूस बाराव्या शतकांतील, स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या वेळचे, असें प्रतिपादन केलें. तेंहि आज कोणी मानीत नाहीं. परंतु लेखावरून काल ठरविण्याची सोय किती कच्ची आहे, हें त्या वादानें उघड झालें. शेवटीं १९६० सालीं रेमंड पेज यांनीं लेखाची अक्षरशः तपासणी केली. पृष्ठभाग अत्यंत झिजलेला आहे, व त्यावर मागच्या वाचकांचे हात चालले असावेत, असा त्यांच्या परीक्षणाचा रोख आहे. मुख्य लेखाच्या प्रारंभीं 'ही विजयखूण' व 'उभारली' अशा अर्थाच्या शब्दांस जुळणारीं अक्षरें आहेत. राजाचें नांव जेथें सांगितलें होतें तेथें खात्रीचें असें कांहीं नाहीं. साल तर नाहींच. आजचा काल शिल्पाच्या घडणीवरून ठरविलेला आहे, लेखावरून नव्हे.

आम्ही पोंचलों तेव्हां आकाश भरलेलें होतें, व पश्चिमेची बाजू करड्या भिंतीसारखी सपाट दिसत होती. लेखाच्या चौकटींत खळगे आणि डाग यांपलीकडे कांहीं दिसेना. तेथें उन्हाळ्यांत घड्याळें तासभर पुढें असतात. त्यामुळें घड्याळांत एक वाजून गेल्यावर सूर्य बरोबर दक्षिणेस येतो आणि पश्चिमेच्या बाजूला प्रकाश घांसून जाऊं लागतो. सुदैवानें त्या वेळीं ढग फाटले. मूर्ती एकदम वर उठून आल्या, आणि ख्रिस्ताच्या डोक्यावरच्या पट्टींत अक्षरांच्या कडा उभ्या राहिल्या. 'गेस्सुस क्रिस्त्तुस' हीं दोन पदें आम्हांसारख्या नवशिक्यासहि एकेक अक्षर लावून वाचतां आलीं. त्यांतील दुहेरी 'स' व दुहेरी 'त' पाहून आमच्या शाळेंतील मुलांच्या वह्या आठवल्या.

मग नजर खालच्या नऊ ओळींकडे वळली, आणि येथें जें झालें तें लिहून ठेवणें अवश्य आहे. मॉगनचें वाचन आम्हीं आदल्या रात्रीं मुद्दाम उतरून खिशांत घेतलें होतें. त्यांत ज्या ओळींत 'आल्कफ्रिथ' आहे त्या ओळीकडे पाहतां पाहतां तें नांव आम्हांस दिसूं लागलें. एक उभी रेघ, तिच्यापुढें एक तिरपी, मग खळगा. पण खळगा अक्षराच्या जागीं होता. आम्हीं कागद घडी करून खिशांत ठेवला, चर्चभोंवतीं एक फेरी घातली, आणि परत येऊन त्या ओळींत काय आहे तें कागदाशिवाय टिपून घेऊं लागलों. एक उभी रेघ आणि खळगे, एवढेंच टिपतां आलें. वीसेक मिनिटांनीं पुन्हां ढग आले.

उत्तरेच्या बाजूस सप्टेंबरांत ऊन फारसें लागत नाहीं. तेथें विजेरी आडवी धरून पाहिलें, तेव्हां दोन चौकटींमधील पट्टींत 'किनिबुरुग' हें नांव बरेंच स्पष्ट लागलें. हें नांव सर्व वाचकांस मान्य आहे. पहिलें पद 'कुल, राजकुल' ह्या अर्थाचें, संस्कृत 'जन' शब्दाशीं एकमूल. दुसरें 'दुर्ग' ह्या अर्थाचें, 'बृहत्' ह्याच्याशीं एकमूल. स्त्रीचें नांव आहे. मर्सियाचा राजा पेंडा याची कन्या किनिबुर्ग ही आल्कफ्रिथची राणी होती, हें बीडनें सांगितलेलें आहे. तेव्हां मॉगन निव्वळ हवेंत वाचीत नव्हता. बायकोचें नांव दगडावर असल्यावर नवऱ्याचें नांव शोधणें साहजिकच होतें. पण किनिबुर्ग हें नांव त्या काळीं एकाच स्त्रीचें नव्हतें. आणि जिचें नांव येथें आहे ती राणी कीं एखाद्या मठाची स्वामिनी, तिनें स्तंभ उभारविला कीं तिच्यासाठीं उभारला, हें ठरविण्यास त्या एका शब्दापलीकडे दगडावर साधन नाहीं.

मॉगनवर टीका करतांना आमची लेखणी अडखळते. आमच्या तरुणपणीं देशावरील एका खेड्यांत आम्हांस एक वीरगळ आढळला. वर चंद्रसूर्य, खालीं लिंगपूजा, त्याखालीं अप्सरा, तळाशीं युद्ध, आणि मधल्या पट्टीवर दोन ओळींचा झिजलेला लेख. ठसा घेण्याचें सामान जवळ नव्हतें. आम्हीं अक्षरें खडूनें भरलीं. 'शके' व पहिले दोन अंक उघड होते. पुढचे दोन आम्हीं भरतां भरतां ठरविले, आणि ते ठरल्यावर कोणत्या यादव राजाच्या वेळचें हें युद्ध, हेंहि ठरून गेलें. वाचन छापून आलें, आणि पुढें इतरांनीं तें उतरून घेतलें. आमची शंका इंग्लंडांतून परतल्यावर बळावली. एका तरुण अभ्यासकास पत्र लिहून आम्हीं त्या दगडाचा ओल्या कागदाचा ठसा मागविला. तो आमच्यासमोर आहे. 'शके' आहे, पहिले दोन अंक आहेत, आणि त्यापुढें दगडाची साल गेलेली आहे. तें वाचन ज्यांच्या टिपणांत असेल त्यांनीं शेवटचे दोन अंक व राजाचें नांव खोडावें.